डिस्क पास, ड्रायव्हर फेल

हबीबभाई गेल्याची बातमी मला एका गिऱ्हाइकानं सांगितली, आणि तीसुद्धा सौदा करता करता. सकाळी दुकान उघडून मी अगरबत्ती लावत होतो. फोन आत चार्जिंगला होता. एक पिकअपवाला पायरी चढून आला आणि म्हणाला, "भाऊ, पुढच्या दोन डिस्क द्या. नव्याच द्या आता." मी अगरबत्ती हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिलो. पांढरकवड्यात माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, पण इतक्या वर्षांत ब्रेकची नवी डिस्क आपणहून मागायला एखादं गिऱ्हाईक माझ्या पायरीवर चढल्याचं मला आठवत नाही. "काहून? शेजारी हबीब मिस्त्रीले नाही दाखवली?" मी विचारलं. तो म्हणाला, "मिस्त्री तं गेले ना भाऊ. पहाटेच, यवतमाळच्या दवाखान्यात. समोर टपरीवर सारे तेच बोलून राह्यले... तुमाले माहीत नाही?" मी त्याला डिस्क विकल्या नाहीत. दुकान बंद आहे म्हणालो. तो म्हणाला, "आत्ता तं उघडलं!" आणि तेही खरंच होतं. पण मी शटर ओढलं. आत फोनवर हबीबभाईंच्या मुलाचे कितीतरी मिस्ड कॉल पडले होते.

हबीबभाईंची लेथ, म्हणजे लोखंड फिरवून तासायच्या यंत्राचं वर्कशॉप, आणि माझं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. समोर असले की मी त्यांना 'तू' म्हणायचो, पण छापून आलेलं त्यांच्या घरी वाचलं जाईल आणि त्यांच्या पत्नी शमीमभाभी रागावतील, म्हणून इथे 'ते' म्हणतो. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो... चाकाच्या आत लोखंडाची एक गोल थाळी असते, ती डिस्क. आपण ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत पकडतात आणि गाडी थांबते. वापरून वापरून त्या थाळीवर चर पडतात, कुठे ती जाड राहते, कुठे पातळ होते, मग ब्रेक दाबला की स्टेअरिंग थंडी वाजल्यासारखं थरथरतं. आमच्या भागात तर लोक कापसाचं वजन घेऊन आलेली तापलेली गाडी सरळ पाण्यात उतरवून धुतात, आणि गरम लोखंडावर गार पाणी पडलं की ते वाकडं होणारच. अशी डिस्क हबीबभाई लेथवर बांधायचे, दोन्ही अंगांनी तिची कांद्याच्या सालीएवढी पातळ साल काढायचे, आणि डिस्क पुन्हा आरशासारखी. मी विकणार नवी, ते जुनीच नवी करून देणार. म्हणजे धंद्याच्या हिशेबानं हा माणूस माझा सख्खा वैरी होता, आणि दुपारचा डबा आम्ही रोज एकाच बाकावर बसून खायचो.

त्यांनी उजव्या हाताच्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक जुनी डिस्क घेऊन उभं राहिलं आणि मी नवीचं खोकं फोडायला घेतलं, की नेमके हे कुठून तरी यायचे, विचारल्याशिवाय डिस्कवरून नख फिरवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "कायले फेकता बाप्पा? अजून लय जीव हाय इच्यात." झालं, गिऱ्हाईक भिंतीपलीकडे. मी चिडून म्हणायचो, "हबीब, तुहं नख कापून टाकीन एक दिवस." ते म्हणायचे, "काप. मंग दुसऱ्या हाताचं वाढवतो." पण डिस्क प्रमाणापेक्षा पातळ झाली असेल, तर मात्र ते ऐकायचे नाहीत. अशा डिस्कला ते करवतीनं कडेपासून आत एक चीर पाडायचे, म्हणजे ती पुन्हा कुणाच्याच गाडीला लागू नये. माझा साळा एकदा पातळ झालेल्या डिस्क घेऊन आला होता. जिजाजींचा दोस्त आहे, फुकटात घासून देईल, अशी त्याची समजूत. हबीबभाईंनी मापून बघितलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोन्हीला चीर पाडली. साळा रागानं नव्या डिस्क घ्यायलाही माझ्याकडे थांबला नाही, आणि पुढे बरीच वर्षं त्यानं आमच्या घराची पायरी चढली नाही. हबीबभाईंचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, त्यातला हा एक.

आता टेस्टच्या चहाबद्दल. डिस्क बसवून झाली की गाडी ताब्यात द्यायच्या आधी हबीबभाई ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला बसायचे. डॅशबोर्डवर रबराची एक गोल कडी ठेवायचे, तीही माझ्याच दुकानातून उचललेली, आणि त्या कडीत चहाचा ग्लास, काठाला दोन बोटं कमी इतका भरलेला. मग गाडी खुनी नदीच्या उतारावर न्यायची आणि खाली पुलाच्या अलीकडे ब्रेक दाबायचा. नदीचं नावच असलं, त्यात ब्रेक नुकतेच खोलून लावलेले... बाहेरगावचं गिऱ्हाईक घाबरून जायचं. पण हबीबभाईंची नजर रस्त्यावर नसायचीच, ती चहावर. त्यांचा कायदा साधा होता. ब्रेक लागला की चहा झुकला पाहिजे, थरथरला नाही पाहिजे. थरथरला तर डिस्कचा दोष, पुन्हा खोलायची. आणि चहा नुसता झुकून न थांबता सांडला, तर डिस्कचा काही संबंध नाही, तो ड्रायव्हरच्या पायाचा दोष. "ब्रेक दाबा लागते," ते म्हणायचे, "ब्रेकच्या छातीवर उभं नाही राहा लागत." टेस्ट झाली की निकाल मोठ्यानं सांगायचे, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. आणि मग तो चहा पिऊन टाकायचे.

माझ्या गाडीची डिस्क अर्थातच ते स्वतः करायचे आणि ती दर वेळी पास व्हायची. मी दर वेळी नापास. काय करणार, माझा पाय जड आहे. बायको म्हणते स्वभावच तसा आहे. ग्लासातला चहा डॅशबोर्डवर, तिथून हबीबभाईंच्या पायजम्यावर, आणि मग उतारावर ती आरोळी, "डिस्क पास, ड्रायव्हर फेल!" स्पेअर पार्टचा व्यापारी आणि त्याला ब्रेक दाबता येत नाही, ही गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागतो! गिऱ्हाइकं माझ्याकडून पॅड घेताना हसायची. मला आयुष्यात फार मोठं काही नको होतं. मुलं मार्गाला लागली, घर झालं. फक्त या माणसाच्या तोंडून एकदा 'ड्रायव्हर पास' ऐकायचं होतं, आणि ते मी त्यांना अनेकदा बोलूनही दाखवलं होतं. ते म्हणायचे, "मुरव्वत नाही होत यार याच्यात. पाय सुधार."

एकदा तर भर लग्नात त्यांनी माझी लाज काढली. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं लग्न होतं, वरात मारेगावला जायची होती आणि नवरदेवाच्या गाडीचं स्टेअरिंग ऐन सकाळी थरथरायला लागलं. हबीबभाईंनी चाकं खोलली, डिस्क लेथवर घेतल्या, सगळं काम धावपळीत पण नीट केलं. वरात निघायला उशीर होत होता. सगळे म्हणाले, आता टेस्ट राहू द्या. हबीबभाई म्हणाले, "टेस्ट नाही तं चाक नाही." ड्रायव्हर जेवायला गेलेला, म्हणून मी स्टेअरिंगवर बसलो. नवरदेव मागे बसलेला होता आणि उतरायला तयार नव्हता, कारण अंगाला हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं सोडत नाहीत, आणि त्याचा सोबती नेमका पान आणायला गेला होता. हातात कट्यार, डोक्याला बाशिंग, अंगात पांढराशुभ्र सूट. त्याला पुढचं दिसावं म्हणून तो दोन सीटच्या मधून वाकून बसला... पुढचं मी सांगायला नको. हबीबभाईंनी खांद्यावरच्या फडक्यानं सूट पुसला, त्या फडक्याला ग्रीस होतं. गाडी परत आली तेव्हा बँडवाले वाजवायचे थांबले. आणि त्या शांततेत हबीबभाईंनी काच खाली करून वरातीला निकाल सांगितला. नवरदेवानं सगळा मंगलाष्टकांचा वेळ हार पोटाशी धरून काढला. त्याचा संसार चांगला चालला आहे. आजही भेटला की माझ्या गाडीत बसत नाही.

हबीबभाई चुकायचे नाहीत असं मात्र कुणी समजू नये. चुकायचे, आणि चुकायचे तेव्हा त्यातही कसर ठेवायचे नाहीत. नव्या पद्धतीच्या ब्रेकची गाडी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. या गाड्यांत ब्रेक जोरात दाबला की चाक घसरू नये म्हणून यंत्रच तो धरतं-सोडतं, त्यामुळे पायाखाली पेडल धडधडतं. ते तसंच असायचं असतं. पण हबीबभाईंना ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. नेमका मी चालवत होतो, त्यामुळे ब्रेक जोरातच दाबला गेला. पेडल धडधडलं, चहा थरथरला. डिस्क फेल! त्यांनी खोलून पुन्हा साल काढली. पुन्हा टेस्ट, पुन्हा थरथर. पुन्हा लेथ... असं करता करता त्या चांगल्या-भल्या डिस्क इतक्या पातळ झाल्या, की शेवटी त्यांना स्वतःच त्यांच्यावर चीर पाडावी लागली. गाडीवाल्यानं कंपनीत फोन लावून विचारलं तेव्हा खरा प्रकार कळला. हबीबभाई माझ्या काउंटरवर आले आणि बारीक आवाजात म्हणाले, "सुधाकर, दोन नव्या डिस्क दे." मी खोकी काढली, वरची धूळ फुंकली, आणि माझ्या नखानं डिस्कवर एक रेघ ओढून डोळे मिटले. म्हणालो, "कायले नवी घेता बाप्पा?" हसता हसता ते बाकावरच बसले. मग डोळे पुसून म्हणाले, "गाडीले जर आपल्याच ब्रेकचा भरोसा नाही, तं मी काय करू?"

पुढे त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि भाभींनी चहाच बंद केला, कारण बिनसाखरेचा चहा हबीबभाई चहा समजत नसत. तेव्हापासून त्यांच्या टेस्ट अचानक वाढल्या. डिस्कचं काम असो-नसो, टेस्ट. कुणी नुसतं हॉर्न दुरुस्तीला आलं तरी, "चला, उतारावर पाहू." मी हटकलं की म्हणायचे, "हा कामाचा चहा हाय. दवाई असते तशी. याले चहा नाही म्हनत." हे भाभींच्या कानावर गेलं. मी सांगितलं नाही, चहानं ओली झालेली मिशीच सांगायची. एक दिवस भाभी लेथवर आल्या, सगळ्यांदेखत त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझी कसम खा. चहाले तोंड नाही लावनार." हबीबभाईंनी कसम खाल्ली, आणि मोठ्या नवलाची गोष्ट म्हणजे पाळली. टेस्ट चालूच राहिल्या, पण निकाल लागला की ग्लास उचलून मला द्यायचे आणि मी पिईपर्यंत तोंड दुसरीकडे करून बसायचे. मला तो चहा घशाखाली उतरायचा नाही. साखर तर त्यात इतकी, की चमचा उभा राहावा.

मग किडनी गेली. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना सारखं न्यावं लागायचं आणि बहुतेक वेळा मीच न्यायचो. मुलाच्या गाडीत ते बसायला तयार नसत. म्हणायचे, "सुधाकरच्या गाडीत ब्रेक तरी माहे हायत." शेवटी शेवटी पाय सुजलेले, आवाज बसलेला. अशाच एका दिवशी यवतमाळहून परत येताना गावात शिरल्यावर म्हणाले, "घरी नको. दुकानासमोर थांबव." लेथवरून आपला ग्लास आणि रबराची कडी आणायला लावली. टपरीवाल्याला हाक मारून ग्लास भरून घेतला. त्याला वाटलं टेस्ट आहे. मलाही तेच वाटलं. "उतारावर घे," ते म्हणाले. "आज पाहू तुहा पाय."

मी अशी गाडी कधी चालवली नव्हती. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर, श्वास धरलेला. आज हा माणूस मला पास करेल, नाहीतर कधीच करणार नाही, एवढंच मनात होतं. पुलाच्या अलीकडे बकऱ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेकवर पाय ठेवला, हळू, मग थोडा जास्त, मग पुन्हा हळू... आणि गाडी लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली. शेवटची बकरी जाईपर्यंत मी हललो नाही. मग डावीकडे बघितलं. ग्लास कडीत होता. डॅशबोर्डवर एक थेंब नव्हता. ग्लासातही एक थेंब नव्हता. हबीबभाई समोर पुलाकडे बघत होते आणि त्यांची मिशी ओली होती.

"पास," ते म्हणाले.

"काय पास? ग्लास रिकामा हाय बे!"

"सांडला का?"

"सांडला नाही, पन..."

"मंग? डिस्क पास, ड्रायव्हर पास." आणि मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाले, "भाभीले सांगजो नको. सांगतलं तं फेल." ज्या माणसानं नवरदेवाची मुरव्वत ठेवली नाही, माझ्या साळ्याची ठेवली नाही, त्यानं आयुष्यात एकदाच लाच दिली, आणि ती मी घेतली. काच खाली होती, पण ते ओरडले नाहीत. ओरडायला आवाजच नव्हता. परत येताना आम्ही दोघंही खुशीत होतो, हे मला स्पष्ट आठवतं.

त्यानंतर काही दिवसांनीच तो पिकअपवाला माझ्या पायरीवर आला. जनाज्याला मी खांदा दिला. डॉक्टर म्हणाले होते की जे व्हायचं ते शरीरात कधीच होऊन गेलं होतं, एका ग्लासानं ना काही वाढलं ना घटलं. तरी माझ्या मनात तो ग्लास राहून गेला होता. चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. भाभींची इद्दत चालू होती, नवरा गेल्यावर त्या दिवसांत बाई परक्या पुरुषासमोर येत नाही, म्हणून त्या आतल्या दारातल्या पडद्याआड बसून बोलल्या. मला फक्त आवाज ऐकू येत होता. इकडचं तिकडचं झालं, मुलगा लेथ चालवणार म्हणून सांगून झालं. मग भाभींनी विचारलं,

"सुधाकरभाऊ, एक बात पुछू? सच सांगजा. त्या दिवशी तुमी त्याईले उतारावर घेऊन गेलते. ग्लास घरी आला तं चहाचा वास येऊन राह्यला होता. त्याईनं माझी कसम तोडली का?"

चहा ते प्यायले असं सांगितलं, तर त्यांनी भाभींच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडतो. नाही प्यायले म्हणावं, तर मग चहा गेला कुठे? तो जायला एकच जागा होती. सगळ्या आयुष्यात मिळालेला तो एक पास... मला खरंच वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"नाही भाभी," मी म्हणालो. "बकऱ्या आडव्या आल्या, म्या जोरात ब्रेक मारला. सारा चहा सांडला. माह्या पायाचं तं तुमाले माहीतच हाय."

मग भाभी म्हणाल्या, "त्याईनं बी हेच सांगतलं होतं. घरी आल्या आल्या बोलले, सुधाकर आज बी फेल झाला, एक थेंब नाही राह्यला ग्लासात. मले वाटे, झूट बोलून राह्यले. आता दोघं बी एकच सांगता... मंग सचच असंन."

म्हणजे उतारावर मला पास करून हा माणूस सरळ घरी गेला होता आणि त्याच दिवशी मला नापास करून मोकळा झाला होता! मी इतके दिवस उगीच छाती फुगवून हिंडत होतो. मला हसू आलं, आणि चाळिसाव्याला आलेल्या माणसानं हसू नये म्हणून मी रुमाल तोंडावर धरला, आणि मग रुमालाचा उपयोग डोळ्यांना झाला. पडद्याआड भाभीही हसत होत्या की रडत होत्या, ते मला आवाजावरून कळलं नाही. निघताना त्यांच्या सुनेनं आतून ग्लास आणि रबराची कडी आणून माझ्या हातात दिली. "अम्मी बोल रही, ये आपके पास रहने दो," ती म्हणाली. आतून आवाज आला, "अन् भाऊ, गाडी आयस्ते चालवा."

मला हबीबभाईंची फार आठवण येते. नवी डिस्क विकताना तर येतेच येते, आणि हल्ली त्या बऱ्याच विकल्या जातात. भिंतीपलीकडे लेथ पुन्हा सुरू झाली आहे, पण काउंटरवर अजून कुणी नख फिरवायला आलेलं नाही. कडी मी डॅशबोर्डवर ठेवली आहे. दुपारी दुकान जरा मोकळं झालं की ग्लास भरून घेतो आणि उतारावर जातो. बहुतेक वेळा सांडतोच. परवा मात्र पुलाच्या अलीकडे ब्रेक दाबला, चहा काठापर्यंत झुकला, तिथे क्षणभर थांबला आणि जागेवर आला. ना थरथर, ना थेंब. मी निकाल ऐकायला डावीकडे बघितलं. मग तो चहा मीच प्यायलो. टपरीवाला त्या ग्लासात अजूनही हबीबभाईंच्याच हिशेबानं साखर घालतो.